तुलूझचा दोन चौकी वाडा

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला गारोन नदीच्या काठी तुलूझ हे शहर आहे. आज जगाला ते माहीत आहे विमानांसाठी. एअरबसची विमाने इथे जोडली जातात. पण नगरभवनासमोरच्या मोठ्या पटांगणातून नदीच्या दिशेने निघाले की विमाने मागे पडतात आणि लाल-गुलाबी विटांच्या भिंती दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागतात. त्या वाटेवरची एक गल्ली म्हणजे र्यू गांबेता. दुकाने, कॅफे, सायकलींची गर्दी, आणि मध्येच एक कोरीव दगडी दरवाजा. दरवाजाच्या आत शाळा भरते. शाळेचे नाव पिएर द फेर्मा. तुलूझच्या न्यायपीठाचा सल्लागार असलेल्या त्या सतराव्या शतकातल्या गणितज्ञाचे. इमारत मात्र त्याच्याही आधीची, आणि ती बांधली गेली एका व्यापाऱ्याचे घर म्हणून. फ्रान्समध्ये अशा शहरी वाड्याला ‘ओतेल’ म्हणतात. हे ओतेल द बेर्नुई.

दोन चौकी वाडा म्हटले की मराठी वाचकाला फार काही समजावून सांगावे लागत नाही. बेर्नुईचा वाडाही दोन चौकीच आहे. पुढचा चौक रस्त्याला लागून, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर छाप पाडणारा. मागचा चौक आतला, घरचा. फरक एवढाच, की इथे दोन चौकांमध्ये एक युग बदलते. मागचा चौक १५०३-०४ च्या सुमाराचा आहे आणि त्याचा सगळा डौल मध्ययुगीन, गॉथिक आहे. पुढचा १५३० नंतरच्या तीन-चार वर्षांतला आणि तो रेनेसाँचा, म्हणजे इटलीहून आलेल्या नव्या हवेचा आहे. मालक तोच, जागा तीच, मधे जेमतेम पाव शतक. फ्रान्समधल्या रेनेसाँबद्दल पुष्कळ वाचता येते. राजांचे किल्ले, ल्वार नदीकाठचे महाल, लिओनार्दोचे शेवटचे दिवस. पण एका माणसाच्या हयातीत, त्याच्याच घरात, त्याचीच आवड कशी पालटली हे भिंतींवर बोट ठेवून दाखवणारी जागा विरळा. म्हणून हा लेख राजमहालांवर न लिहिता या व्यापाऱ्याच्या घरावर लिहावासा वाटला.

आधी आतल्या चौकाकडे जाऊ. तो आधीचा आहे.

मे १४६३ मध्ये तुलूझला भीषण आग लागली. कित्येक दिवस ती धुमसत राहिली आणि शहराचा फार मोठा भाग तिने गिळला. लाकडी सांगाड्यांची, मातीने लिंपलेली घरे होती; एकाला एक खेटून. त्यानंतर ज्याला परवडले त्याने विटांनी बांधले. तुलूझच्या आसपास दगड मिळत नाही. नदीच्या गाळाचे सपाट मैदान, जमिनीत हवी तितकी माती, पण खाण नाही. रोमन काळापासून इथला गवंडी विटेवरच वाढला. ही वीट आपल्या विटेसारखी नसते. सुमारे ४२ सेंटिमीटर लांब, २८ रुंद आणि जाडीला जेमतेम ५. रोमनांच्या विटेचा वारसा ती आजही सांगते. भिंतीच्या अगदी जवळ उभे राहिले की दिसते, या पातळ विटांचे थर आडव्या रेघांसारखे लांबच लांब जातात आणि मधल्या चुन्याच्या सांध्यांची जाडी काही ठिकाणी विटेच्या निम्म्यापर्यंत येते. भाजण्यात कमीजास्त झाल्याने एक वीट गुलाबी, शेजारची केशरी, तिसरी जांभळट. सकाळी आणि संध्याकाळी उन्हाच्या तिरिपेत भिंतीचा रंग हलतो. ‘गुलाबी शहर’ हे तुलूझचे टोपणनाव या विटेने दिले.

बेर्नुईच्या मागच्या चौकात हीच वीट राज्य करते. दगड फक्त खिडक्यांच्या चौकटींना, कोपऱ्यांना, जिथे कोरीव काम हवे तिथे. आणि चौकाच्या कोनात जिन्याचा मनोरा. अष्टकोनी, उंची २६ मीटरच्या वर. शहरातल्या खासगी मनोऱ्यांमध्ये हा सर्वांत उंच मनोऱ्यांपैकी एक. पोटात चक्राकार जिना. वरून शेताकडून येणारे रस्ते आणि नदीवरची जहाजे दिसत असावीत. व्यापाऱ्याला दोन्ही हवेच होते.

या मनोऱ्यांबद्दल तुलूझमध्ये एक समजूत रूढ आहे. शहराचा कारभार आठ नगरशासक पाहत, त्यांना ‘कापितूल’ म्हणत. दरवर्षी नवे निवडले जात, आणि या पदाबरोबर सरदारकी मिळत असे. मनोरा बांधण्याचा मान फक्त कापितूलांना होता, असे सांगतात. बेर्नुईचा मनोरा ही समजूत खोटी पाडतो. तो उभा राहिला तेव्हा मालक कापितूल नव्हता. ते पद त्याला मिळाले सुमारे तीस वर्षांनी, १५३३ मध्ये. माझ्या मते हे असे वाचावे: पैसा आधी आला, मनोरा त्याच्या पाठोपाठ, आणि मान सर्वांत शेवटी.

पैसा कुठून आला, ही या वाड्याची खरी कथा.

जॉं द बेर्नुई हा मूळचा स्पेनमधल्या बुर्गोसचा. तिथल्या मोठ्या व्यापारी कुटुंबातला. भाऊबंद बुर्गोस आणि अँटवर्पमध्ये पसरलेले. तो तुलूझला आला तो एका पाल्यासाठी. पास्तेल नावाची ही वनस्पती, पिवळ्या फुलांची, मोहरीच्या कुळातली. तिच्या पानांतून निळा रंग निघतो. मध्ययुगीन युरोपात पक्क्या निळ्या रंगाचा हाच एक आधार होता. तुलूझ, आल्बी आणि कार्कासोन या तीन गावांमधल्या पट्ट्यातल्या मातीत ही वनस्पती उत्तम येई.

हा रंग काढण्याची रीत मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण या वाड्यातला दगड त्यातूनच विकत घेतला गेला. पेरणी वसंताच्या तोंडावर. जूनपासून पाने खुडायला घ्यायची, ती ऑक्टोबरपर्यंत चार-पाच खुडण्यांत. खुडायला बायका-मुले. पाने धुऊन, जरा सुकवून जनावराने ओढायच्या दगडी चक्कीखाली भरडायची. तो हिरवा लगदा ढीग करून कित्येक आठवडे आंबत ठेवायचा. वर कवच धरते, त्याला चिरा पडल्या की त्या लिंपत राहायच्या. मग लगद्याचे हातात मावतील असे, मोसंब्यापेक्षा जरा मोठे गोळे वळायचे आणि वारा खेळेल अशा माळ्यांवर वाळवायचे. या गोळ्यांना ‘कोकान्य’ म्हणत. इथवरचे काम शेतकऱ्याचे. इथून पुढे व्यापारी. तो हिवाळ्यात हे दगडासारखे गोळे फोडून घ्यायचा, पाणी मारून पुन्हा आंबवायचा, आणि हे दुसरे आंबवणे महिनोन्महिने चाले. ढीग फावड्याने सारखा उलटापालटा करावा लागे. दुर्गंधी भयंकर. शेवटी हाती येई काळपट, रवाळ भुकटी. ती गोण्यांत भरून गारोनमधून सपाट तळाच्या होड्यांनी बोर्दोला, तिथून जहाजाने बिल्बाओ, रुआँ, लंडन, अँटवर्प.

आणि रंगाऱ्याच्या पिंपात त्या काळपट भुकटीतून निळे कसे निघते? कापड पिंपातून वर काढले की पिवळट-हिरवे दिसते. हवा लागली की डोळ्यांदेखत निळे होत जाते. ज्याने हे पाहिले त्याला कळते, की या रंगासाठी माणसे एवढी दुर्गंधी का सोसत होती.

पान खुडण्यापासून रंगाऱ्याच्या दारापर्यंत वर्ष-दीड वर्ष जाई. एवढा काळ भांडवल अडकून राहणार. शेतकऱ्याजवळ ते नव्हते, म्हणून व्यापारी त्याला आगाऊ पैसे देई आणि पीक उभे राहायच्या आत विकत घेई. हे करार नोटरींच्या दप्तरांत नोंदले गेले, आणि ती दप्तरे टिकली. त्यांच्या आधारे इतिहासकार जिल कास्तेर यांनी तुलूझच्या पास्तेल-व्यापाराचा मोठा अभ्यास केला, १४५० ते १५६१ या काळाचा. शेवटचे वर्ष लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. दप्तरांतून दिसते ते असे की पास्तेलचा पैसा शेतात तयार होत नव्हता. तो पत, वेळ आणि अंतर यांतून तयार होत होता. ज्याचे नातेवाईक बुर्गोसमध्ये लोकर विकत होते आणि अँटवर्पमध्ये हुंड्या वटवत होते, त्याला ही तिन्ही साधली. बेर्नुईला साधली.

किती साधली याची एक गोष्ट तुलूझमध्ये आजही सांगतात. फेब्रुवारी १५२५ मध्ये पाव्हियाच्या लढाईत फ्रान्सचा राजा फ्रान्स्वा पहिला सम्राट चार्ल्स पाचव्याच्या हाती सापडला. सुटकेसाठी त्याला आपले दोन मुलगे स्पेनमध्ये ओलीस ठेवावे लागले, आणि १५२९ च्या कांब्रे तहात त्यांची खंडणी ठरली २० लाख सुवर्ण एक्यू. एवढी रक्कम एकरकमी द्यायला राजाच्या खजिन्यात पैसा नव्हता. त्या खंडणीला जे जामीन राहिले त्यांत बेर्नुई होता, असे सांगतात. सम्राटाच्या स्पेनमध्ये जन्मलेला माणूस फ्रान्सच्या राजाचा जामीन, यात त्या काळाला काही विचित्र वाटले नाही. व्यापाऱ्याची पत सीमेच्या दोन्ही बाजूंना चालत होती. ऑगस्ट १५३३ मध्ये राजा स्वतः तुलूझला आला, आणि बेर्नुईच्या वाड्याचा पुढचा चौक त्याच सुमारास उभा राहिला.

आता या पुढच्या चौकात येऊ.

रस्त्यावरच्या दरवाजाची कमान अजून जुन्या वळणाची आहे. पण देवडी ओलांडून आत आले की दगडच दगड. ज्या शहरात दगड लांबून आणावा लागतो तिथे चौकाच्या दर्शनी भिंती दगडाने मढवणे म्हणजे काय, हे पाहुण्याला सांगावे लागत नसे. हे काम लुई प्रिवा या स्थानिक गवंडी-मिस्त्रीचे. रस्त्याकडच्या बाजूला एकच रुंद, चपटी कमान एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत टाकली आहे. तिच्या पोटाला चौकोनी घरांची नक्षी, आणि वर सज्जा. इतकी चपटी कमान उभी राहते कशी याचे नवल तिथे उभे राहणाऱ्या प्रत्येकाला वाटते. दगडांचे कोन बिनचूक घडले नसते तर ती कधीच खाली आली असती. खिडक्यांच्या बाजूंना जे खांब आहेत ते सरळ नाहीत. मधे फुगीर, पुन्हा निमुळते, वर पाने आणि कलश, समईच्या दांड्याचे घाट एकावर एक रचावेत तसे. भिंतीवर गोल चौकटींतून कोरलेली मुखे बाहेर डोकावतात.

बारकाईने पाहिले की या चौकात एक अवघडलेपणही दिसते, आणि मला तेच फार आवडते. प्रिवाने इटली पाहिली असल्याची खूण या कामात नाही. नक्षीचे नमुने त्याच्यापर्यंत छापील चित्रांतून, स्पेनहून आलेल्या कारागिरांकडून, ल्वारकाठच्या महालांच्या वर्णनांतून आले असावेत. खांब कुठे, किती उंच, वरच्या मजल्याशी त्याचे नाते काय, याचे प्राचीन रोमचे गणित त्याच्यापाशी नाही. त्याने नवे दागिने जुन्या अंगावर घातले आहेत. चपट्या कमानीचे कसब पूर्णपणे मध्ययुगीन पाथरवटाचे आहे. तिच्यावरची चौकोनी नक्षी तेवढी रोमची. दोन चौकांना जोडणाऱ्या बोळाच्या छताला तर सरळसरळ गॉथिक फासळ्या आहेत. तेव्हा ‘मध्ययुग मागे, रेनेसाँ पुढे’ ही विभागणी बोलायला सोयीची असली तरी इमारत ती पाळत नाही. पाथरवटाच्या हाताने जे शिकले ते मालकाच्या आवडीबरोबर एका रात्रीत बदलत नाही.

ते गणित तुलूझला आले पुढच्या पिढीत. नदीच्या नव्या पुलाजवळ ओतेल दासेझा आहे. मालक पिएर दासेझा, हाही पास्तेलचाच व्यापारी, १५५२ चा कापितूल. काम १५५५ मध्ये सुरू झाले. त्यामागे निकोला बाशेलिए हा तुलूझचा नामांकित शिल्पकार-वास्तुकार होता, आणि त्याच्या हातात इटालियन वास्तुकार सेर्लिओचे छापील ग्रंथ होते. त्यामुळे इथल्या चौकात खालच्या मजल्याला डोरिक खांब, वर आयोनिक, त्यावर कोरिंथियन. रोमच्या कोलोसियममधला क्रम. जोडखांबांच्या मधे विटेचे लाल पट्टे. बेर्नुईच्या चौकात उत्साह आहे, इथे व्याकरण आहे. तज्ज्ञ मंडळी दासेझाचा वाडा श्रेष्ठ मानतात, आणि वास्तुकला म्हणून ते बरोबरच आहे. पण शिकत असलेल्या हाताची धडधड मला बेर्नुईकडे जास्त ऐकू येते.

दासेझाच्या चौकाची एक बाजू मात्र रिकामी राहिली. तीन बाजूंना वैभव, आणि चौथ्या बाजूला शेजाऱ्याची भिंत. तिला लागून नक्षीदार आधारांवर एक लांब सज्जा तेवढा बांधला आहे. बाशेलिए काम पुरे होण्याआधी वारला. त्याचा मुलगा दोमिनिक याने पुढचे हाती घेतले. आणि मग १५६२ आले.

मे १५६२ मध्ये प्रॉटेस्टंटांनी तुलूझचे नगरभवन ताब्यात घेतले आणि शहरात अंतर्गत युद्ध पेटले. काही दिवस गल्लीगल्लीत लढाई झाली, वस्त्या जाळल्या गेल्या, हजारो माणसे मारली गेली. शरण येऊन शहराबाहेर निघालेल्यांनाही वेशीपाशी कापून काढले. पिएर दासेझा प्रॉटेस्टंट होता. त्याला शहर सोडावे लागले. दहा वर्षांनी तो कॅथलिक झाला, पण पूर्वीचे दिवस परत आले नाहीत.

पास्तेलचे दिवस त्याच सुमारास संपले. आता एक लाडकी कथा तपासून पाहायला हवी, कारण तिच्यात आपण येतो. तुलूझच्या वाटाडी पुस्तकांत बहुतेकदा एका ओळीत लिहिलेले असते, की भारतातून आलेल्या निळीने पास्तेलचा धंदा बुडवला. ऐकायला भारतीय माणसाला बरे वाटते. पण सनावळी पाहा. कास्तेर यांचा अभ्यास १५६१ ला थांबतो, कारण भाव कोसळले ते त्या वेळी. त्याआधीची काही वर्षे सट्टेबाजीने भाव चढवले होते, माल साठला होता, पिके बिघडली होती. मग यादवी युद्ध, रस्ते बंद. १५६३-६४ मध्ये इंग्लंड आणि नेदरलँड्स यांच्यातला व्यापार अडला, आणि अँटवर्पच्या पेठेला मोठा हादरा बसला. पत, वेळ आणि अंतर या तिन्हींवर उभा असलेला धंदा तिन्ही बाजूंनी एकदम ढासळला. नीळ तोवर युरोपात थोडीथोडकीच पोहोचत होती.

ती येत होती, हे मात्र खरे. आणि ती येत होती गोव्याहून. गुजरातेत सरखेजची आणि आग्र्याजवळ बयान्याची नीळ नावाजलेली. खंबायतच्या बाजूचा माल पोर्तुगीजांच्या संरक्षणातले काफिले किनाऱ्याने गोव्याला आणत, तिथून मोठी जहाजे लिस्बनला. तुलूझमध्ये रक्त सांडले त्याच्या पुढच्याच वर्षी, १५६३ मध्ये, गोव्यात एक पुस्तक छापले गेले: गार्सिया द ओर्ता या वैद्याचे भारतातल्या औषधींवरचे संवाद. हा ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाकडे उपचाराला जात असे, आणि मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. त्याच्या पुस्तकात हिंग, भांग, केळे, आंबा यांच्याबरोबर ‘अनिल’, म्हणजे नीळही आहे. पुढे डच प्रवासी लिन्सखोतेन गोव्यात काही वर्षे राहिला आणि १५९६ च्या आपल्या ग्रंथात त्याने गोव्याच्या बाजारातला माल, त्यात नीळही, युरोपसमोर मांडला. डच आणि इंग्रज कंपन्या त्याच वाटेने आल्या. खरा लोंढा त्यांच्याबरोबरचा, सतराव्या शतकातला.

निळीचे बळ कशात होते? गंमत अशी की पास्तेल आणि नीळ यांतले रंगद्रव्य एकच आहे. झाडे वेगळी, रेणू तोच. पण निळीच्या पानात ते कित्येक पटींनी जास्त. वडी लहान, वाहतूक स्वस्त, रंग दाट. पास्तेल पिकवणाऱ्या प्रदेशांनी राजांकडे धाव घेतली. १६०९ मध्ये फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने नीळ वापरणाऱ्याला मृत्युदंड जाहीर केला. पण रंगारी थांबले नाहीत. पास्तेलच्या आंबवलेल्या पिंपात थोडी नीळ मिसळली की रंग उठून येई, आणि पुढे मंत्री कोल्बेर याच्या काळात असे मिश्रण ठरावीक प्रमाणात करायला मुभाही मिळाली. १७३७ मध्ये फ्रान्सने निळीवरचे निर्बंध उठवले. पुढे इंग्रजांच्या नाकेबंदीमुळे नीळ मिळेना तेव्हा नेपोलियनने १८११ मध्ये पुन्हा पास्तेल लावायला सांगितले. तो प्रयत्न त्याच्या सत्तेबरोबरच संपला. मग बंगालातल्या निळीच्या मळ्यांचा काळ आला, रयतेवरच्या जुलमाचा, १८५९ च्या उठावाचा. आणि १८९७ मध्ये जर्मन कंपनी बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली, तेव्हा पास्तेलच्या वारसदारावरही तीच पाळी आली. चंपारणच्या शेतकऱ्यांच्या बोलावण्यावरून १९१७ मध्ये गांधीजी तिथे गेले, त्याच्या पाठीमागे या निळीचाच जाच होता.

तेव्हा गोव्याच्या निळीने तुलूझच्या व्यापाऱ्यांना बुडवले नाही. ते आधीच बुडाले होते, घरच्या सट्ट्याने आणि घरच्या युद्धाने. निळीने त्यांना पुन्हा वर येऊ दिले नाही, एवढे म्हणता येईल.

पैसा आटला आणि शहर थबकले, म्हणूनच हे वाडे राहिले, असे काही जण म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. एकोणिसाव्या शतकात तुलूझने जुन्या वस्त्यांतून दोन सरळ, रुंद रस्ते काढले, र्यू दाल्झास-लॉरेन आणि र्यू द मेत्स. त्यांच्या वाटेत आलेली जुनी घरे पाडली गेली. र्यू द मेत्स तर दासेझाच्या वाड्याला खेटून जातो. वाडा टिकायला कुणीतरी त्यात राहावे लागते, छत शाकारावे लागते, पन्हळी साफ कराव्या लागतात.

बेर्नुईच्या वाड्यात राहायला आली मुले. १५६७ मध्ये जेझुइटांनी इथे आपले विद्यालय सुरू केले. वर्ग वाढले, नव्या इमारती जोडल्या गेल्या, पण दोन्ही चौक जागेवर राहिले. १७६० च्या दशकात जेझुइटांना जावे लागले. विद्यालय राजाचे झाले. क्रांतीने सगळी घडी विस्कटली, नेपोलियनच्या काळात इथे सरकारी ‘लिसे’, म्हणजे वरच्या वर्गांची शाळा, आली. शेजारचा डोमिनिकन मठ, जाकोबँ, किती वाईट अवस्थेतून गेला हे पाहिले की शाळेने काय वाचवले ते ध्यानात येते. तिथे सैन्याने तळ ठोकला, ताडाच्या झाडासारख्या उमललेल्या ज्या खांबासाठी लोक आज जगभरातून येतात त्याच्या भोवती घोडे बांधले. तो मठ पूर्ववत करायला विसाव्या शतकाचा मोठा भाग खर्ची पडला. बेर्नुईच्या चौकात त्या काळात घंटा होत होती आणि मुले रांगेने वर्गात जात होती. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉर्ज पाँपिदू याच शाळेत शिकले.

शाळेने काही गमावलेही असणार. खोल्यांचे वर्ग झाले, व्यापाऱ्याच्या घरातले सामान कधीच गेले. पास्तेलच्या गोण्या कुठे ठेवत, हिशेबनीस कुठे बसत, हे भिंती सांगत नाहीत. दासेझाच्या वाड्याचे नशीब याबाबतीत वेगळे. बँकर तेओदोर ओझेन यांनी मृत्युपत्राने तो शहराला दिला, विद्वत्सभांसाठी. १३२३ मध्ये सुरू झालेली कवींची सभा, ‘फुलांचे खेळ’ नावाची, तिथे भरते. १९९५ पासून बेंबर्ग प्रतिष्ठानचा चित्रसंग्रह तिथे आहे. तिथे तिकीट काढून कोणालाही जाता येते, आणि सगळे आखीवरेखीव, उजळ आहे. पण वापरातले घर पाहण्याचे समाधान मला बेर्नुईकडेच मिळते. ज्या चौकात राजाच्या जामिनाची चर्चा झाली असेल तिथे आज दप्तरे पाठीला लावून मुले उभी असतात, आणि त्यांना चपट्या कमानीचे काही नवल नसते. पाऊस आला की ती तिच्याखाली जातात.

शाळा चालू असल्यामुळे बेर्नुईच्या वाड्यात मनात येईल तेव्हा शिरता येत नाही. फ्रान्समध्ये सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी वारसा दिवस असतात आणि एरवी बंद असलेली अनेक दारे त्या दोन दिवसांत उघडतात. तुलूझला जाणे होणार असेल तर तेव्हाचे ठरवा. गांबेता गल्लीतून आत शिरल्यावर पुढच्या चौकात रेंगाळू नका. सरळ फासळ्यांच्या बोळातून मागे जा, विटांचा मनोरा आधी पाहा आणि मग उलटे दगडी चौकात या. बेर्नुईने ते घर त्याच क्रमाने बांधले आहे.